गजेंद्रच्या गाडीचा आवाज

रुख्मा — नाही जी मिस्त्री, पंचर नाही. मी बसनं आली. तुमाले एक गोष्ट विचाराची होती.

दुर्गेश — विचारा ना बाई. बसा त्या स्टुलावर, पुसून देतो.

रुख्मा — उभीच बरी. ह्यो पाइप टांगून हाये, चकचकीत, ह्यो कायचा?

दुर्गेश — सायलेन्सर आहे. मोठ्या आवाजवाला. पोट्टे लावून घेते.

रुख्मा — कायले?

दुर्गेश — शौक, दुसरं काय. कंपनीच्या सायलेन्सरात आवाज दाबाले जाळ्या असते, पडदे असते. ह्याच्यात काहीच नाही, सरळ नळी. गाडी घरून निघाली की चौकात समजते कोन येऊन राहिला.

रुख्मा — आन जोर? त्यानं जोर वाढते म्हणते.

दुर्गेश — कोन म्हणते?

रुख्मा — तुमचाच गिऱ्हाईक. सांगतो मंग.

दुर्गेश — आवाज वाढते, म्हणून बसनाऱ्याले वाटते का गाडी उडून राहिली. असली हिसाब उलटा आहे बाई. खालचा जोर मरते. चढावर गेअर पाडा लागते. पेट्रोल जास्त पिते, इंजिन तापते. सहा महिन्यात व्हॉल्व जळला म्हणून पोट्टा परत माह्याच दुकानात. मी सबन्याइले सांगतो. ऐकते कोन?

रुख्मा — सांगता, आन लावूनई देता.

दुर्गेश — मी नाही लावला तर समोरचा लावून देईन. तुमी कोन्या गावच्या?

रुख्मा — वयखलं नाही मले? उदारामची बायको. सौंदडच्या अलीकडं गाव आमचं. धानाची बंडी पलटून गेला, तो.

दुर्गेश — हो... ऐकलं होतं. लय वाईट झालं.

रुख्मा — वीस दिवस झाले काल. लोक म्हणते बैल बुजले. ठाण्यातई तेच लिहिलं, आमीच तसं सांगतलं म्हणून. पन बैल कायनं बुजले, हे कोनी विचारलं नाही. बंडी माह्या पोरीच्या हातात होती. रुचिका. अकरावीत हाये. इतवार होता, म्हणून बापासंगं धानाच्या वावरात, बांधीवर गेली. बाप म्हणाला, आज तू हाक. तो बाजूनं पायी चालून राहिला होता, भारे सरकू नये म्हणून हात लावून.

दुर्गेश — बाई, पानी देऊ का?

रुख्मा — नको. तेरवीच्या दिवशी माहा सासरा सबन्या पाहुन्यासमोर बोलला. पोरीच्या हाती कासरा देला, तिनं सोडला, म्हणून माहा पोरगा गेला.

दुर्गेश — म्हातारा मानूस. दुखात बोलून जाते.

रुख्मा — बोलून गेला नाही, रोज बोलते. सकाळी उठला का बोलते. पोरगी शाळेत जात नाही. ताटावर बसते, हात धुते, उठते. एकच गोष्ट सांगते. मागून मोटरसायकल आली, बाजूनं निघाली, आवाज बंद पडला, आन मंग फट्ट झालं, बंदुकीवानी. गावातले हासते. म्हणते, बंद पडलेली गाडी फुटते कशी? पोरगी आपली चूक लपवून राहिली.

दुर्गेश — फुटते.

रुख्मा — काय म्हणाले?

दुर्गेश — काही नाही.

रुख्मा — नाही, सांगा. त्याच्याचसाठी आली मी.

दुर्गेश — बंद पडत नाही ते. चालत्या गाडीची चाबी बंद करते मानूस. इंजिन फिरतच राहते, पेट्रोल ओढत राहते, पन ठिणगी नाही. ते कच्चं पेट्रोल गरम पाइपात जाऊन बसते. मंग चाबी चालू केली का एका झटक्यात पेटते. जाळी असली तर आवाज आतल्या आत मरते. ह्या नळीत अडवाले काहीच नाही. पोट्टे त्याले फटाका म्हणते.

रुख्मा — म्हणजे हातानं करते.

दुर्गेश — हो.

रुख्मा — आपोआप नाही होत?

दुर्गेश — बारीक फटफट होते आपोआप. बंदुकीवानी... ते हातानंच.

रुख्मा — म्हणजे माही पोरगी खरं बोलून राहिली.

दुर्गेश — खरं असन.

रुख्मा — असन नाही जी. आधी बंद, मंग फट्ट. तिले गाडीतलं काय समजते? तिनं ऐकलं तेच सांगतलं.

दुर्गेश — हो. खरं आहे.

रुख्मा — मी आठ दिवस रस्त्यावर उभी राहिली, मिस्त्री. दातवन घेऊन जावो, घमेलं घेऊन जावो, लोकाइले वाटे रांडमुंड बाई, डोकं फिरलं. कान देऊन उभी राहो. परवा आला तो आवाज. लाल टाकीची गाडी. पोरगी घरात होती, ती कान दाबून खाली बसली. मी गाडीले आडवी झाली.

दुर्गेश — कोन होता?

रुख्मा — गजेंद्र. गिट्टीवाल्याचा पोरगा. तुमाले ठाऊक हाये.

दुर्गेश — ...हो. येते दुकानात.

रुख्मा — तो रडला माह्यासमोर. म्हणाला, काकी, त्या दिवशी गाडी माह्याजवळ नव्हतीच. सायलेन्सर बदलाले दुर्गेश मिस्त्रीकडं टाकली होती आदल्या दिवशी. मी गोंदियाले होतो, बायको बाळंत झाली. दुपारून येऊन गाडी नेली म्हणाला. म्हणून तुमाले विचाराले आली. त्यानं गाडी कवा नेली?

दुर्गेश — लक्षात नाही बाई. दिवसभर गाड्या येते-जाते.

रुख्मा — इतवार होता.

दुर्गेश — सकाळी नेली असन. दहा, साडेदहा.

रुख्मा — बंडी साडेअकराले पलटली.

दुर्गेश — मंग...

रुख्मा — मंग तोच. ठीक. मी आता इथूनच ठाण्यात जातो, त्याचं नाव देतो. तुमी सांगाल ना तिथं, दहा वाजता नेली म्हणून?

दुर्गेश — थांबा जरा. असं एकदम नाव नका देऊ.

रुख्मा — काऊन?

दुर्गेश — पोट्ट्याची जिंदगी बरबाद होईन. आताच लेकरू झालं त्याले. पेढे देऊन गेला मले, इतका खुश होता.

रुख्मा — पेढे कवा देले?

दुर्गेश — गाडी न्याले आला तवा.

रुख्मा — मिस्त्री, पोरगी एक वाजता झाली त्याले. दवाखान्याचा कागद दाखवला मले, वेळ लिहून हाये. मंग दहा वाजता पेढे कायचे देले?

दुर्गेश — माही चूक झाली सांगन्यात. चार वाजता नेली त्यानं.

रुख्मा — मंग साडेअकराले गाडी कुठं होती?

दुर्गेश — दुकानात.

रुख्मा — दुकानात उभी?

दुर्गेश — हो.

रुख्मा — माह्याकडं पाहून सांगा.

दुर्गेश — बाई, मले काम आहे. गिऱ्हाईक येतील आता.

रुख्मा — येऊ द्या. तुमी मातीले आले होते.

दुर्गेश — काय?

रुख्मा — उदारामच्या मातीले. मी बाहेर बसली होती, तवा पाहिलं. तुमी कवठाच्या झाडाखाली उभे होते, सबन्याइच्या मागं. मले वाटलं उदारामच्या ओळखीचे असतील. मंग घरी विचारलं, सासऱ्याले विचारलं, भासऱ्याले विचारलं. कोनाच्याच ओळखीचे नाही तुमी. आमच्या घरी इंजिन नाही, गाडी नाही. कोन्या ओळखीनं आले होते? मी भांडाले नाही आली. माही पोरगी मरून राहिली घरात. मले फक्त सांगा, गाडी होती का नव्हती.

दुर्गेश — होती.

रुख्मा — कोन होतं तिच्यावर?

दुर्गेश — मी. बसा बाई.

रुख्मा — हात नका लावू. सांगा.

दुर्गेश — सायलेन्सर लावला का ट्रायल घ्या लागते. गजेंद्रनं आदल्या दिवशी सांगून ठेवलं होतं, फटाका वाजला पाहिजे, नाही तर गाडी नेत नाही. हायवेवर ट्रकांची गर्दी असते. म्हणून सौंदडच्या जुन्या रस्त्यानं घेतली.

रुख्मा — बंडी दिसली नाही?

दुर्गेश — दिसली.

रुख्मा — दिसली, आन तरीई?

दुर्गेश — खोटं बोललो असतो, पन आता बोलत नाही. दिसली म्हणूनच केलं. पाहिलं का पोरगी हाकून राहिली बंडी. वाटलं, जराशी दचकन. बाकी काही मनात नव्हतं, देवाशपथ. मजा वाटली.

रुख्मा — मजा.

दुर्गेश — हो.

रुख्मा — बैल दिसले नाही? पोरगी दिसली, आन बैल दिसले नाही?

दुर्गेश — बैलाचा विचारच नाही आला. मी शहरातला नाही बाई, माह्या बापाच्या घरीई जोडी होती. तरी नाही आला.

रुख्मा — मंग? मागं पाहिलं?

दुर्गेश — नाही. पुढं निघून गेलो. सांजेले इथंच चहाच्या टपरीवर ऐकलं, बंडी पलटून मानूस गेला.

रुख्मा — आन मातीले कायले आले?

दुर्गेश — घरी राहवलं नाही. वाटलं, कोनीतरी म्हणन का गाडी होती. उभा राहून ऐकत होतो. कोनीच नाही म्हटलं. सबनं बैलावर गेलं.

रुख्मा — तवा बरं वाटलं?

दुर्गेश — ...हो. तवा वाटलं.

रुख्मा — बैलावर नाही गेलं जी. पोरीवर गेलं.

दुर्गेश — ते मले ठाऊक नव्हतं. आईची शपथ, तुमी आता सांगतलं तवा समजलं.

रुख्मा — आता समजलं ना? शटर पाडा.

दुर्गेश — कुठं जायचं?

रुख्मा — माह्या घरी. ठाण्यात उद्या जाऊ. आधी पोरीले सांगा.

दुर्गेश — गावातले मारतील मले.

रुख्मा — मारतील त मारतील. मी मंधात नाही येनार.

दुर्गेश — बायकोले सांगून येतो. चेतना एकटीच आहे घरी, तिले यातलं काहीच...

रुख्मा — फोन करा. सांगा, वेळ होईन.

दुर्गेश — चला मंग. गाडीनं नेतो तुमाले, वीस मिन्टात पोचू.

रुख्मा — तुमच्या गाडीवर मी बसन, असं वाटलं कसं तुमाले? तीनची बस हाये. माह्यासंगं चला. पुढं बसा, मले दिसन असे.

(रुख्माचं अंगण. उन्हं कलली आहेत. सतरा वर्षांची रुचिका ओसरीच्या खांबाला टेकून उभी आहे, दोन्ही हात ओढणीखाली.)

रुख्मा — रुचिका, हे दुर्गेश मिस्त्री. सडक अर्जुनीले दुकान हाये यायचं. तुले काही सांगाले आले. सांगा जी.

दुर्गेश — बेटा, त्या दिवशी जी गाडी गेली ना बाजूनं... ती मी चालवून राहिलो होतो.

रुचिका — कोणती गाडी?

दुर्गेश — लाल टाकीची.

रुचिका — तोंडाला काय बांधलं होतं?

दुर्गेश — रुमाल. निळा.

रुचिका — ...हो. निळा होता. आई, मी सांगितलं होतं ना तुला, निळा?

रुख्मा — सांगतलं होतं बेटा.

रुचिका — आवाज आधी बंद झाला होता ना?

दुर्गेश — झाला होता. मी चाबी बंद केली. दोन-तीन सेकंद. मंग चालू केली, तवा तो फटाका झाला. तू सांगतलं तसंच झालं. एकूण एक.

रुचिका — मुद्दाम केलं?

दुर्गेश — हो. मुद्दाम.

रुचिका — मी पोलीस आले तेव्हा सांगणार होते. आबाजी म्हणाले, तू चूप बस. मग मोठ्या बाबांना सांगितलं. शाळेतल्या मॅडम भेटायला आल्या, त्यांना सांगितलं. त्या म्हणाल्या, धक्क्यामुळे असं ऐकल्याचा भास होतो. मलाही तसंच वाटायला लागलं. मी रात्रंदिवस आठवते, पण आता आठवते ते खरं की मी बनवलेलं, हेच समजत नाही.

दुर्गेश — खरं आहे. गाडी होती.

रुचिका — गाडी होती हे ठीक आहे. पण मी कासरा सोडला का?

रुख्मा — नाही सोडला बेटा.

रुचिका — तू नव्हती तिथं, आई. तू रोज म्हणते नाही सोडला, आबाजी रोज म्हणतात सोडला. दोघंही नव्हते. बैल पळाले, बाबा पुढं धावले जू धरायला, आणि मला पुढचं काहीच आठवत नाही. डोळे उघडले तेव्हा मी बांधीत होते आणि कासरा माझ्या हातात नव्हता.

दुर्गेश — तू सोडला नव्हता.

रुचिका — तुम्हाला काय माहीत? तुम्ही तर निघून गेला.

रुख्मा — हो ना. मागं पाहिलंच नाही म्हणाले मले दुकानात.

रुचिका — मग नका सांगू, काका. मला बरं वाटावं म्हणून काही सांगू नका. तसं सांगणारे खूप आहेत.

दुर्गेश — बरं वाटावं म्हणून नाही.

रुचिका — मग?

दुर्गेश — मी... बाई, मी दुकानात तुमाले पूर्ण नाही सांगतलं.

रुख्मा — काय नाही सांगतलं?

दुर्गेश — मागं पाहिलं होतं मी. बैलाच्या घंट्या ऐकू आल्या, मंग ओरडनं ऐकू आलं. पुढं मोहाच्या झाडाजवळ वळन आहे, तिथं थांबलो. मागं वळून पाहिलं.

रुख्मा — थांबले होते तुमी?

दुर्गेश — हो.

रुचिका — काय दिसलं?

दुर्गेश — बैल बंडी घेऊन बांधीत उतरले होते. तू बांधीच्या कडेले, धुऱ्यावर फेकल्या गेली होती, पन कासरा तुह्या हाताले गुंडाळून होता. तू फरफटत गेली. अर्धी बांधी पार केली तशीच, धानाच्या कापलेल्या खुटाईतून. बंडी उलथली, दोर तुटला, तवा कासरा सुटला. तू नाही सोडला. तुह्या हातून तुटून गेला तो.

रुचिका — खरं?

दुर्गेश — हाताची सालं निघाली असन तुही. सोडला असता तर निघाली नसती.

रुख्मा — दाखव बेटा. हात दाखव यायले. वीस दिवस झाले, ओढणीखालून काढत नाही.

रुचिका — मला वाटलं पडताना खरचटलं.

दुर्गेश — पडून असं नाही होत. दोराचं आहे हे. आडवं गेलं पाहा.

रुचिका — आणि बाबा?

दुर्गेश — चाकाखाली होते.

रुचिका — हलत होते? तुम्ही पाहिलं ना? मग सांगा.

दुर्गेश — हात हलून राहिला होता. तू उठली, लंगडत गेली, भारे उपसाले लागली. एकेक भारा फेकून राहिली होती.

रुचिका — मी ओरडत होते. कुणी या, कुणी या, असं.

दुर्गेश — ऐकू आलं मले.

रुख्मा — देवा...

दुर्गेश — मी गाडीवरून उतरलो होतो. दोन पावलं आलोई. मंग वाटलं, सबने म्हणतील ह्यानंच केलं. कोनीतरी येईनच, इतवार आहे, बांध्याबांध्याइत लोक आहे, असं मनाले सांगतलं. आन नहराच्या पारीनं, पान्याच्या काठाकाठानं निघून गेलो.

रुचिका — कुणी नव्हतं. सगळे जेवायला घरी गेले होते.

दुर्गेश — हो.

रुचिका — बाबा बोलत होते, काका. पाणी मागितलं त्यांनी. मी ओंजळीत आणलं, सांडून गेलं. अर्धा तास कुणी आलं नाही. मग शेजारच्या पौर्णिमाची आई आली, मग ट्रॅक्टर शोधला. दवाखान्याच्या दारात गेल्यावर बाबा संपले. तिथून गाडीनं दवाखाना किती लागतो?

दुर्गेश — दहा मिन्टं.

रुचिका — तुमच्याजवळ गाडी होती.

दुर्गेश — होती.

रुख्मा — हे काऊन लपवलं माह्यापासून? फटाका सांगतला, मजा सांगतली, आन हे लपवलं?

दुर्गेश — ते सांगाची हिंमत नाही झाली. बुजल्या बैलाले मी काय करू, असं म्हणता येते. ह्याले काहीच म्हणता येत नाही. आताई नसतं सांगतलं. पन पाहिलं म्हटल्याबिगर हिनं कासऱ्याचं मानलं नसतं.

रुख्मा — उद्या ठाण्यात हे सांगान?

दुर्गेश — सांगन.

रुख्मा — पूर्ण? थांबले होते, ते?

दुर्गेश — पूर्ण. दहाच्या बसनं येतो. गजेंद्रचं नाव कुठंच नका घेऊ, त्याचा काही संबंध नाही.

रुख्मा — आन नाही आले त?

दुर्गेश — येतो बाई. आता कुठं जाऊ?

रुख्मा — जा मंग. आता माह्या अंगणात नका राहू. मले पाहवत नाही तुमच्याकडं.

रुचिका — थांब आई. एवढ्यात नको. आबाजी कुठं आहेत?

रुख्मा — आत निजले हाये. कायले?

रुचिका — उठव त्यांना. बाहेर आण.

रुख्मा — बेटा, बुढा सहन नाही करनार. उद्या ठाण्यातून आलो का मीच सांगन त्याइले.

रुचिका — तू सांगितलं तर ते मानणार नाहीत. आण त्यांना.

दुर्गेश — आणा बाई. मी सांगतो.

रुचिका — कासऱ्याचं आधी सांगा. बाकीचं मग.

दुर्गेश — सांगतो बेटा.

रुचिका — आणि हळू नका बोलू. त्यांना कमी ऐकू येतं.